हालाँग बेवरची एक रात्र आणि उलटणारी कयाक: पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्यांसाठी

व्हिएतनामला जाणाऱ्या मराठी जोडप्यांच्या बेतात हालाँग बेचा एक मुक्काम आता जवळजवळ ठरलेलाच असतो. मुंबईहून हनोईला थेट विमानं आहेत, ई-व्हिसा घरबसल्या मिळतो आणि हिरवट पाण्यातून सरळ वर आलेल्या त्या सुळक्यांचे फोटो सगळ्यांनीच पाहिलेले असतात. एकदा बोटीवर चढलात की तुम्हाला फारसं काही करावं लागत नाही. जेवण, खोली, गुहा, सूर्यास्त, सगळं बोटीच्या वेळापत्रकाप्रमाणे होत राहतं. अपवाद फक्त कयाकिंगच्या पाऊण तासाचा. तेवढ्या वेळात होडी तुम्हीच चालवता, आणि नेमकी त्याचीच तयारी कोणी करून येत नाही.

आमची कयाक तिथे उलटली. चष्मा गेला, गुडघा आणि तळहात फाटला, बाकी सगळं ठीक. ते कसं झालं ते पुढे येईलच. बोट निवडण्यापासून परत येईपर्यंतचं सगळं क्रमाने लिहिते आहे, पण कयाकपाशी जरा जास्त थांबणार आहे.

१. आधी पाणी ठरवा, मग बोट

‘हालाँग बे क्रूझ’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या भागांतल्या सफरी विकल्या जातात. किंमत बघण्याआधी आपण कुठल्या पाण्यात जाणार ते विचारा.

मुख्य हालाँग उपसागर क्वांग निन्ह प्रांतात आहे. १,५५३ चौरस किलोमीटर पाणी आणि त्यात १,९६९ लहानमोठी बेटं. युनेस्कोने १९९४ मध्ये त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सुंग सोत ही भव्य गुहा आणि ‘ती तोप’ नावाचं बेट इथलंच. ‘ती तोप’ या नावामागे सोव्हिएत अंतराळवीर घेर्मान तितोव आहे. हो ची मिन्ह यांच्याबरोबर तो १९६२ मध्ये इथे आला होता. बेटाच्या माथ्यावर जायला चारशेहून जास्त पायऱ्या आहेत आणि वरून जे दिसतं त्यासाठी त्या चढाव्यात. मात्र दुपारी त्या पायऱ्यांवर गणपतीच्या दिवसांतल्या लालबागची आठवण होईल इतकी माणसं असतात.

बाय तू लाँग हा त्याच्या ईशान्येचा भाग. बोटी कमी, शांतता जास्त, आणि वुंग व्हिएंगसारखं पाण्यावरचं कोळीवाड्याचं गाव. ‘लान हा’ नावाचा तिसरा उपसागर दक्षिणेला, कॅट बा बेटाला खेटून, हायफाँग शहराच्या हद्दीत. कॅट बा द्वीपसमूह २०२३ मध्ये युनेस्कोच्या त्याच नोंदीत जोडला गेला, म्हणजे दर्जा आता दोन्हींचा एकच.

माझं मत सांगते. गुहा बघायची हौस असेल आणि आयुष्यात एकदाच येणार असाल, तर मुख्य हालाँग. पाण्यात निवांत वल्हवायचं असेल, तर ‘लान हा’. एजंट ‘सगळं सारखंच आहे’ म्हणाला तर दुसरा एजंट बघा.

२. महिना आणि मधला मोकळा दिवस

ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यांत चांगले. हवा कोरडी, आकाश बऱ्यापैकी मोकळं. मार्च-एप्रिलही चालतो, फक्त मार्चमध्ये धुकं आणि बारीक रिमझिम असू शकते. डिसेंबर ते फेब्रुवारी आपल्या कल्पनेपेक्षा थंड असतो. व्हिएतनाम म्हणजे उकाडा असं समजून नुसते टीशर्ट घेऊन गेलेली माणसं डेकवर ब्लँकेट पांघरून बसलेली दिसतात. तेव्हा समुद्राचं पाणीही वीस अंशांच्या आसपास असतं. त्यात पडलं की पहिल्या क्षणी श्वासच अडकतो.

जून ते सप्टेंबर वादळांचा काळ. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि धक्क्याला बांधलेल्या पर्यटक बोटीसुद्धा बुडाल्या. १९ जुलै २०२५ रोजी भर दुपारी अचानक आलेल्या गडगडाटी पावसात दिवसाच्या सफरीची एक बोट उलटली. तिच्यावर ४९ जण होते, त्यांतले ३५हून जास्त गेले. या महिन्यांत जायचंच असेल तर जा, पण वेधशाळेचा इशारा असताना बोट सुटावी म्हणून हट्ट धरू नका. बंदराचे अधिकारी बोटी थांबवतात तेव्हा पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते, हे बुकिंग करतानाच लेखी घ्या.

म्हणूनच हालाँग सहलीच्या शेवटच्या दिवसांत ठेवू नका. मधे ठेवा, आणि मागे एखादा मोकळा दिवस असू द्या. बोट रद्द झाली तर हनोईत फो (नूडल्सचं गरम सूप) पीत बसता येतं, परतीचं विमान मात्र थांबत नाही.

३. बोट बुक करताना विचारायचे प्रश्न

‘फाइव्ह स्टार’ या शब्दावर जाऊ नका, तो प्रत्येकाच्याच जाहिरातीत असतो. मध्यम दर्जाच्या बोटीवर दोन दिवस-एक रात्रीला माणशी साधारण बारा ते अठरा हजार रुपये पडतात, हनोईहून ने-आण बहुतेकदा धरून. त्यापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर नेमकं काय काढून टाकलंय ते बघा.

बोट किती साली बांधली, खोल्या किती, कयाकचे पैसे आत धरलेत का, आणि कयाकिंगच्या वेळी पाण्यात बोटीचा माणूस सोबत असतो का, हे विचारा. शेवटचा प्रश्न मी आता पहिला विचारते. काही बोटी गाइडला स्वतंत्र कयाकमधून पुढे पाठवतात. काही जण मात्र तुम्हाला कयाक जिथून सुटतात त्या तराफ्यावर सोडतात आणि पाऊण तासाने या म्हणतात.

खोली शक्यतो वरच्या मजल्यावरची घ्या, खाली इंजिनाची आणि जनरेटरची घरघर रात्रभर ऐकू येते. नवविवाहितांना बाथटबवाली खोली आवर्जून सुचवतात. तिचे जास्तीचे पैसे मला वाया वाटतात, कारण एक तर तुम्ही डेकवर असता नाहीतर झोपलेले असता.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळी आणि पुन्हा आदल्या दिवशी कळवा. ‘आन चाय’ म्हटलं की स्वयंपाकघराला लगेच समजतं, कारण बौद्ध परंपरेमुळे पूर्ण शाकाहार त्यांच्या ओळखीचा आहे. नुसतं ‘नो मीट’ म्हटलंत तर भाजीतही माशाचा सॉस येईल. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी थेपले आणि दशम्या बरोबर ठेवलेल्या बऱ्या. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ आहे. कोलंबी, कालवं, म्हाकूल, सगळं ताजं.

ई-व्हिसासाठी सरकारी संकेतस्थळच वापरा. एकदा प्रवेशाचे २५ डॉलर लागतात आणि ९० दिवसांपर्यंतचा व्हिसा मिळतो. अर्जातलं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं, तिथेच गडबड होते.

४. बॅग

मोठी बॅग हनोईच्या हॉटेलात ठेवा, ते आनंदाने सांभाळतात. बोटीवर एका रात्रीपुरती छोटी बॅग पुरे. तिच्यात एवढं हवंच: लवकर वाळणारे कपडे (जीन्स भिजली की पाण्यात दगडासारखी होते), मागे पट्टा असलेले सँडल, टोपी, चष्मा असेल तर त्याची दोरी आणि जुना जादा चष्मा, फोनसाठी गळ्यात अडकवायचं वॉटरप्रूफ पाऊच, बोट लागत असेल तर त्याची गोळी, आणि जखमेसाठी जंतुनाशक, पट्टी, गॉज. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. पुढे का ते कळेल.

एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिकवर उपसागरात २०१९पासून बंदी आहे, त्यामुळे स्वतःची पाण्याची बाटली न्या.

आणखी एक. आपल्याकडे पावना धरणाच्या पाण्यात किंवा तारकर्लीच्या खाडीत कयाक मिळतात. निघण्याआधी एखाद्या रविवारी तासभर तिथे दोघांनी मिळून वल्हवून बघा. हातांना सवय होते ते आहेच, पण आपल्या दोघांत कोण कुणाचं ऐकत नाही हे घरच्या पाण्यातच कळलेलं बरं.

५. बोटीवरचा पहिला अर्धा तास

हनोईहून सकाळी आठच्या सुमारास गाडी निघते. एक्सप्रेसवेने अडीच ते तीन तासांत तुआन चाऊचा धक्का येतो. तिथून छोट्या बोटीने मोठ्या बोटीवर. स्वागताचं सरबत हातात देतात, पासपोर्ट नोंदणीसाठी घेतात, जेवण वाढायला सुरुवात होते. या गोंधळात सुरक्षेची माहिती कुणीतरी घाईघाईने सांगून मोकळं होतं.

ती नीट ऐका. आणि खोलीत गेलात की बॅग उघडण्याआधी लाइफ जॅकेटं कुठे आहेत ते बघा. खिडकी उघडते का, दाराची कडी कशी चालते, डेकवर जायला दुसरा जिना कुठे आहे, तेही. फार तर तीन मिनिटं लागतात. १७ फेब्रुवारी २०११च्या पहाटे ती तोपजवळ नांगरलेली एक मुक्कामी बोट लोक झोपेत असतानाच बुडाली आणि १२ जण गेले. त्यानंतर नियम कडक झाले, आताच्या बोटी कितीतरी चांगल्या आहेत. तरी दार कुठे आहे ते आपल्याला माहीत असावं.

सोन्याचे दागिने, मंगळसूत्र, ढिली अंगठी, रोख पैसे, सगळं तिजोरीत. पासपोर्ट परत मिळाला असेल तर तोही. कयाकवर यातलं काहीही जाता कामा नये.

६. कयाक

आधी हे ठरवा की कयाकच हवी का. गुहेतून बेटाच्या पोटातल्या ज्या तळ्यात कयाक जाते, तिथेच बांबूची होडीही जाते. ती स्थानिक बाई किंवा बाप्या वल्हवतो, तुम्ही नुसतं बसायचं. गरोदर असाल, खांदा किंवा कंबर दुखत असेल, किंवा पाण्याची खरोखरच भीती वाटत असेल, तर बांबूची होडी घ्या आणि त्याबद्दल एक अक्षर वाईट वाटून घेऊ नका. पोहता येत नाही एवढ्यावरून मात्र कयाक नाकारायची गरज नाही, जॅकेट नीट असलं की झालं.

जॅकेट ‘नीट’ म्हणजे कसं? घालून सगळे बंद लावा, आवळा. मग जोडीदाराला तुमच्या खांद्यांवरचे पट्टे धरून जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत सरकलं, तर ते ढिलं आहे किंवा मोठं आहे. बदलून मागा. तराफ्यावरचा माणूस घाई करेल, ‘ओके, ओके’ म्हणेल. करू दे. शिट्टी जोडलेली आहे का तेही बघा.

बसताना जड किंवा जास्त ताकदीचा माणूस मागे. दिशा मागचा देतो, लय पुढचा ठरवतो. एक जण आधी पूर्ण बसला की मगच दुसऱ्याने पाय टाकायचा. उभं राहायचं नाही, तराफ्यावर बसून घसरत कयाकवर यायचं. बऱ्याच कयाक तराफ्याला लागलेल्या असतानाच कलंडतात, कारण नवरा बायकोला हात द्यायला उठतो.

वल्हं खांद्यांपेक्षा थोडं रुंद धरा. डावीकडे वल्हवलं की होडी उजवीकडे वळते, उजवीकडे वल्हवलं की डावीकडे. थांबायचं असेल तर उलटं वल्हवा. लगेच गुहेकडे सुटू नका. तराफ्याजवळच पाच मिनिटं पुढे-मागे, वळण आणि थांबणं करून बघा. ‘थांब’ म्हटलं की दोघांनी थांबायचं, कारण विचारायचं नाही, एवढा करार करून टाका. आज्ञा एकानेच द्यायची. आमच्या घरात हे पद मोठ्या चर्चेनंतर मला मिळालं.

आता भरती-ओहोटी. कोकणातल्या माणसाने इथे विशेष लक्ष द्यावं, कारण आपली सवय इथे फसवते. आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तिकडची पोरंही सांगतात. टाँकिनच्या आखातात, ज्यात हालाँग येतं, बहुतेक दिवस चोवीस तासांत एकच भरती आणि एकच ओहोटी असते. अमावास्या-पौर्णिमेचा हिशेबही लागत नाही, कारण इथली मोठी भरती चंद्र विषुववृत्तापासून किती उत्तरेला-दक्षिणेला आहे त्यावर ठरते. मोठ्या दिवसांत पाण्याच्या पातळीत तीन-चार मीटरांचा फरक पडतो.

याचा कयाकशी संबंध असा. गुहेच्या आत बेटाच्या पोटात तळं असतं, आणि ते भरायला-रिकामं व्हायला तोंड एकच, अरुंद. त्यामुळे तोंडाशी पाणी ओढ घेतं. ती ओढ तासन्‌तास एकाच दिशेची राहते, थोड्या वेळाने फिरेल या भरवशावर थांबण्यात अर्थ नाही. आत शिरताना फारच सोपं गेलं, तर बाहेर येताना दुप्पट ताकद लागणार हे ओळखा आणि दमायच्या आत वळा. पाणी खूप चढलेलं असेल तर छत खाली येतं. तेव्हा वाकून जाण्यापेक्षा बाहेरूनच फिरलेलं बरं. गाइडला विचारा, ‘पाणी चढतंय की उतरतंय?’ चांगल्या गाइडला ते लगेच सांगता येतं.

आणि खडक. चुनखडीचे हे सुळके पाण्याच्या रेषेशी आतून कोरले गेलेले असतात, वर छज्जा आणि खाली पोकळी. त्या सगळ्या पट्ट्यावर कालवं चिकटलेली असतात. मालवणात कातळावरची कालवं काढणाऱ्या बायकांचे हात ज्यांनी पाहिलेत, त्यांना सांगायला नको. ब्लेडसारखी धार असते. खडकाला हात लावायचा नाही. वल्ह्यानेही रेटायचं नाही, नाइलाज असेल तरच.

आता आमचं काय झालं ते. लुओन गुहा बो होन बेटावर आहे, तिथे आम्ही तोंडाबाहेर थांबलो होतो. आतून बांबूच्या होड्यांची रांग बाहेर येत होती, म्हणून बाजूला झालो, कड्याच्या जवळ. मागून एक मोटरबोट जरा वेगात गेली. तिची लाट आमच्यापर्यंत आली, कड्यावर आपटली आणि परत फिरली. म्हणजे दोन्ही बाजूंनी लाटा, मधे आम्ही आडवे. कड्याकडे सरकतोय बघून नवऱ्याने होडी दूर ठेवायला हात पुढे केला, मीही त्याच बाजूला झुकले, आणि आम्ही पाण्यात होतो. उलटायला दोन सेकंदही लागत नाहीत. डोकं वर आलं तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती आवाज. गुहेच्या तोंडाशी सगळे आवाज घुमतात, कोण काय ओरडतंय कळत नाही.

त्याला पोहता येतं, म्हणून तो आधी तरंगणाऱ्या चपलेमागे गेला. मग जवळ दिसला म्हणून खडकाकडे. शंकूच्या आकाराची टोपी घातलेल्या एका होडीवालीने वल्हं आडवं धरून त्याला अडवलं आणि जोरजोरात मान हलवली. भाषा कळायची गरजच पडली नाही. तोवर त्याच्या गुडघ्याने कालवांचा प्रसाद घेतला होता. मी कयाकची दोरी धरून होते. बाईने कयाक सरळ करायला मदत केली, आमचा गाइड पोचला, आणि पाचएक मिनिटांत आम्ही परत वर होतो.

लाट आली तर काय करायचं, ते यातून असं निघतं. मोटरबोट दिसली की नाक तिच्या लाटेकडे वळवा, आडवं राहू नका. कड्यापासून निदान दोन कयाकइतकं अंतर ठेवा, कारण परत फिरणारी लाट तिथेच जोरात असते. होडी कलली तर दोघांनी झुकायचं नाही, कंबर सैल सोडून आपापल्या जागी ताठ बसायचं आणि वल्ही पाण्याला टेकवायची. होडी एका माणसाचा तोल सहन करते, दोघांचा एकाच बाजूला नाही.

आणि उलटलीच, तर असं:

पहिलं, कयाक धरा. ती बुडत नाही आणि दुरून दिसते. चप्पल, टोपी, वल्हं यांच्यामागे जाऊ नका. वल्हं हाताशी असेल तरच धरा.

दुसरं, एकमेकांना नावाने हाक मारा आणि उत्तर ऐका. कयाकच्या खाली कोणी नाही ना, बघा.

तिसरं, खडकापासून दूर व्हा. प्रवाह गुहेत ओढत असेल तर कयाक तुमच्या आणि खडकाच्या मधे ठेवा.

चौथं, शिट्टी वाजवा, हात वर करा. गाइड किंवा होडीवाले जवळ असतील तर त्यांची वाट बघा. एकट्याने पराक्रम करायची ही जागा नाही.

पाचवं, कोणीच नसेल तर दोघं एकाच बाजूला जा, कयाकच्या पोटावरून हात टाकून पलीकडची कड किंवा दोरी पकडा आणि मागे रेलून ती आपल्याकडे ओढा. सरळ होते. वर बसायची कयाक असेल तर पाणी भोकांतून आपोआप जातं. मग एकाने पलीकडून होडी धरून ठेवायची, दुसऱ्याने पाय जोरात मारत पोटावर आडवं चढायचं, मग वळून बसायचं. आधी हलका माणूस वर, म्हणजे तो वरून तोल सांभाळतो.

पोहता न येणाऱ्याने फक्त पहिलं आणि चौथं लक्षात ठेवावं. कयाक धरा, शिट्टी वाजवा, जॅकेटच्या भरवशावर पाठीवर रेला.

७. पाण्यातून बाहेर आल्यावर

जखम छोटी दिसली तरी हलक्यात घेऊ नका. कालवांच्या कापण्यात शिंपल्याचे बारीक तुकडे राहतात, आणि उबदार समुद्राच्या पाण्यातले जंतू कधी कधी भराभर वाढतात. पिण्याच्या पाण्याने भरपूर धुवा, तुकडे चिमट्याने काढा, रक्त थांबेपर्यंत स्वच्छ गॉजने दाबून धरा, मग जंतुनाशक आणि पट्टी. त्या दिवशी पुन्हा समुद्रात उतरू नका. काही तासांत सूज वाढली, लाली पसरली, ताप आला किंवा वेदना जखमेच्या मानाने फारच जास्त वाटल्या, तर सकाळची वाट बघू नका. बोटीला सांगून किनाऱ्यावर न्यायला लावा. बाय चाय भागात मोठं रुग्णालय आहे, रुग्णवाहिकेचा क्रमांक ११५. मधुमेह किंवा यकृताचा आजार असणाऱ्यांनी तर अजिबात वाट बघू नये.

फोन भिजला असेल तर लगेच बंद करा, गोड्या पाण्याने मीठ उतरवा, पुसा, आणि पूर्ण कोरडा होईपर्यंत चार्जिंगला लावू नका. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, फक्त बोटीच्या आचाऱ्याची करमणूक होते.

विम्याचं काम त्याच संध्याकाळी उरकून घ्या. प्रवास विम्याच्या काही पॉलिसींत कयाकिंग ‘साहसी खेळा’त धरून वगळलेलं असतं, म्हणून हे कलम निघण्याआधीच वाचलेलं असावं. बोटीच्या व्यवस्थापकाकडून काय घडलं त्याच्या दोन ओळी, तारीख, वेळ आणि सही घ्या. जखमेचा फोटो काढा. डॉक्टरकडे गेलात तर चिठ्ठी इंग्रजीत मागा. विमा कंपनीला तिथूनच मेल करा, कळवायची मुदत अनेकदा थोड्या दिवसांचीच असते.

८. उरलेली संध्याकाळ आणि सकाळ

कपडे बदला, काहीतरी गरम प्या आणि डेकवर जाऊन बसा. खोलीत पडून राहिलं की मनात तेच तेच फिरत राहतं. आणि कोणामुळे उलटली याचा निकाल त्या रात्री लावू नका. आमच्याकडे तो अजून प्रलंबित आहे.

जेवणानंतर म्हाकूल धरायचा कार्यक्रम असतो. दिवा लावतात, गळ देतात. काही मिळेल अशी आशा ठेवू नका. त्यापेक्षा दिवे कमी झाल्यावर वरच्या डेकवर जा.

सकाळी सहाला डेकवर ‘ताई ची’ ही संथ चिनी कसरत घेतात. ती नाही केलीत तरी त्या वेळी उठा, कारण पाण्यावर बोटी हलायला लागण्याआधीचा तो एकच तास आहे. मग एखादी गुहा, बहुतेकदा सुंग सोत. आतल्या पायऱ्या ओल्या असतात, पट्ट्याचे सँडलच घाला. साडेनऊ-दहाला नाश्ता आणि जेवण यांच्या मधलं काहीतरी वाढतात आणि खोली रिकामी करायला सांगतात.

बिल नीट बघा. बिअर, कॉफी, बाटलीबंद पाणी, यांचे पैसे वेगळे लावलेले असतात. ते डाँगमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात असतात आणि शून्यं बघून दचकायला होतं. एका रुपयाला साधारण तीनशे डाँग धरा, म्हणजे तीन लाखांचं बिल हजार रुपयांचं. तिजोरी उघडून दागिने आणि पासपोर्ट दोन्ही हातात आल्याशिवाय छोट्या बोटीत बसू नका. परतीच्या वाटेवर गाडी मोत्यांच्या दुकानाशी थांबते. स्वच्छतागृह चांगलं आहे, खरेदीची सक्ती नाही. हनोईत पोचायला दुपारचे तीन-चार होतात. त्याच संध्याकाळचं विमान किंवा ‘सापा’ या डोंगरातल्या गावाला जाणारी गाडी काढली असेल, तर रात्री नऊनंतरचीच काढा.